नेटबीन्स प्लॅटफॉर्ममध्ये जावाएफएक्सची खिडकी कशी बसवायची

नेटबीन्स प्लॅटफॉर्म म्हणजे डेस्कटॉप ॲप्लिकेशनसाठीचा तयार जावा सांगाडा. त्यावर उभं केलेलं ॲप्लिकेशन मुळात स्विंगचं, म्हणजे खिडक्या-बटणं बनवणाऱ्या जावाच्या जुन्या टूलकिटचं असतं. मेनू, टूलबार, ओढून कुठेही लावता येणाऱ्या खिडक्या, डावीकडचं झाड, सगळं स्विंग. मग एखादी खिडकी अशी येते की तिथे स्विंग तोकडं पडतं: हलता आलेख, आतल्या आत उघडणारं वेब पान, सीएसएसनं सजवलेला फलक. अशा वेळी जावाएफएक्स हे जावाचं नवं टूलकिट आणायचं ठरतं.

साध्या, एका जारच्या (जावाच्या एका बांधीव फाइलीच्या) प्रोग्रॅममध्ये हे काम दहा मिनिटांचं आहे. मॉड्यूलर प्लॅटफॉर्मवर मात्र तेच काम अडून बसतं, आणि त्याचं कारण सुरुवातीलाच समजून घेतलेलं बरं. नेटबीन्समध्ये प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा क्लासलोडर (क्लास शोधून मेमरीत आणणारा भाग) असतो, म्हणजे एकच लायब्ररी दोन मॉड्यूलांत दोनदा नांदू शकते. बहुतेक लायब्रऱ्यांना ते चालतं. ग्राफिकल टूलकिटला चालत नाही, कारण त्याच्या पोटात नेटिव्ह (त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेल्या) फाइली असतात, त्याचा स्वतःचा एक थ्रेड (कामाची स्वतंत्र धारा) असतो आणि ते अख्ख्या प्रोसेसमध्ये एकदाच सुरू होतं. पुढची प्रत्येक पायरी यावरच उभी आहे: टूलकिट एकाच मॉड्यूलमध्ये ठेवायचं, आणि त्याच्याकडे जाण्यायेण्याचा रस्ताही एकच ठेवायचा.

एक सूचना आधीच. नुसता चार रकान्यांचा फॉर्म हवा असेल तर यात पडू नका. स्विंगचा फॉर्म अर्ध्या दिवसात होतो आणि पुढे त्रास देत नाही.

क्लास आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. आयडीईत पहिली काही अक्षरं टंकली की खरं नाव समोर येतं.

आवृत्त्या आधी जुळवा

जावा 8 मध्ये जावाएफएक्स ओरॅकलच्या जेडीकेबरोबरच (जावाच्या विकास संचाबरोबरच) यायचं. 2018 साली जावा 11 आला तेव्हा ते जेडीकेमधून बाहेर पडलं आणि ओपनजेएफएक्स या नावानं वेगळं मिळू लागलं. त्यामुळे आता दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. जावाएफएक्स 17 ला किमान जेडीके 11 लागतो, जावाएफएक्स 21 ला किमान जेडीके 17. नव्यानं सुरुवात करत असाल तर जेडीके 21 आणि जावाएफएक्स 21 ही जोडी घ्या. दोन्ही दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या आहेत.

काही जेडीके जावाएफएक्स आत घालूनच मिळतात. त्यातला एखादा तुमच्या मशिनवर असेल, तर तो आहे हे विसरू नका. तुमच्या मशिनवर सगळं चालतं आणि दुसऱ्याच्या मशिनवर क्लास सापडत नाही, याचं हे नेहमीचं कारण. एक तर सगळीकडे तसाच जेडीके वापरा किंवा साधा जेडीके वापरून जावाएफएक्स ॲप्लिकेशनबरोबर द्या. दोन्ही एकदम ठेवलं, तर कुठली प्रत चालते आहे हे शोधण्यात दिवस जातो. इथे दुसरा मार्ग धरला आहे.

बिल्डसाठी मेव्हन हे साधन घ्या. नेटबीन्सच्या जुन्या अँट प्रकल्पांतही हे जमतं, पण नेटिव्ह फाइलींचा हिशेब मेव्हनमध्ये सोपा पडतो. नेटबीन्सच्या सगळ्या एपीआयची आवृत्ती पेरेंट पॉममध्ये (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंगची फाइल) एकाच प्रॉपर्टीत लिहा आणि सगळ्या मॉड्यूलांनी तिथूनच उचलू द्या.

चार मॉड्यूल, चार कामं

उदाहरण म्हणून तापमानाच्या नोंदी दाखवणारं ॲप्लिकेशन घेऊ. डावीकडे स्विंगच्या झाडात केंद्रांची यादी, मध्ये जावाएफएक्सचा आलेख. यासाठी चार मॉड्यूल पुरतात.

नोंदी: केंद्र, नोंद, वेळ असे साधे डेटा क्लास. यात स्विंगही नाही आणि एफएक्सही नाही. झाडाची खिडकी, आलेखाची खिडकी, फाइल वाचणारा भाग, सगळे याच्याच भाषेत बोलतात.

एफएक्स-संच: यात तुमच्या कोडची एक ओळही नसते. फक्त जावाएफएक्सच्या जार आणि कुठली पॅकेजं बाहेर दाखवायची त्याची यादी.

एफएक्स-पूल: एकच छोटा क्लास. स्विंगच्या थ्रेडवरून एफएक्सच्या थ्रेडवर आणि परत, एवढंच याचं काम.

आलेख-खिडकी: प्रत्यक्ष पडदा. हा वरच्या तिन्हींवर अवलंबून.

झाडाची खिडकी कुठे ठेवायची ते तुमच्यावर आहे, तिचा एफएक्सशी संबंध नाही. आणि तो नसलाच पाहिजे. झाडाच्या मॉड्यूलच्या पॉममध्ये एफएक्स-संच दिसला, तर रचना कुठेतरी फसली आहे असं समजा.

पायरी 1: एफएक्स-संच

एनबीएम (नेटबीन्स मॉड्यूल) पॅकेजिंगचा नवीन मॉड्यूल बनवा आणि डिपेंडन्सीमध्ये पाच नावं घाला: जावाएफएक्स-बेस, ग्राफिक्स, कंट्रोल्स, एफएक्सएमएल आणि स्विंग. शेवटचं विसरलं जातं, आणि ते नसलं तर जेएफएक्सपॅनल हा, स्विंगमध्ये जावाएफएक्स बसवणारा क्लासच सापडत नाही. वेब पान हवं असेल तर जावाएफएक्स-वेब घाला, पण त्यात अख्खं वेबकिट इंजिन असतं आणि तुमचा इन्स्टॉलर चांगलाच फुगतो. लागलं तरच घ्या.

पाचही जार एकाच मॉड्यूलमध्ये ठेवा. "मॉड्यूलर" या शब्दाला भुलून बेस एका मॉड्यूलमध्ये, कंट्रोल्स दुसऱ्यात अशी वाटणी करू नका. या जार एकमेकींची खासगी पॅकेजं बिनदिक्कत वापरतात, ती "कॉम डॉट सन डॉट जावाएफएक्स" अशी सुरू होतात. एकाच क्लासलोडरखाली असताना त्यांचं आपसांत जमतं. वेगवेगळ्या मॉड्यूलांत टाकलं की ती खासगी पॅकेजंही सगळ्यांना उघडी करावी लागतात, आणि मग गुंता सुटत नाही.

आता एनबीएम प्लगइनच्या सेटिंगमध्ये पब्लिक पॅकेजांची यादी द्या. ही दिली नाही तर काहीच बाहेर दिसत नाही, मूळ वागणूकच तशी आहे. "जावाएफएक्स डॉट" नं सुरू होणारी पॅकेजं उघडी करा, यादीत शेवटी तारका टाकली की उपपॅकेजंही येतात. "कॉम डॉट सन" वाली बंदच ठेवा. कुणाला त्यातला क्लास वापरावासा वाटलाच, तर बिल्ड तिथेच अडतो, आणि ते चांगलंच आहे.

बाकीच्या मॉड्यूलांनी पॉममध्ये एफएक्स-संच या मॉड्यूलवर डिपेंडन्सी लिहायची, जावाएफएक्सच्या जारवर थेट नाही. नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. आयडीई लाल रेघ दाखवतो, "डिपेंडन्सी जोडू का" विचारतो, आपण हो म्हणतो, आणि आलेख-खिडकीच्या पॉममध्ये जावाएफएक्स-कंट्रोल्स येऊन बसतं. मॉड्यूलनं एफएक्स-संच घेतलेला नसेल तर प्लगइन निमूटपणे दुसरी प्रत पॅक करतो. कंपाइल होतं. चालवल्यावर मग दोन प्रकारचे एरर दिसतात. एक क्लासकास्टएक्सेप्शन, ज्यात सीन (एफएक्सचा पडदा धरणारा) या क्लासचं रूपांतर सीन याच क्लासमध्ये होत नाही असं लिहिलेलं असतं. नाव तेच, क्लासलोडर वेगळे. दुसरा अनसॅटिस्फाइडलिंकएरर, म्हणजे हीच नेटिव्ह लायब्ररी आधीच दुसऱ्या क्लासलोडरनं लोड केलेली आहे. एक नेटिव्ह फाइल एका वेळी एकाच क्लासलोडरची असू शकते, हा जावाचाच नियम आहे. तिथे तडजोड होत नाही.

तपासणी सोपी आहे. बिल्ड झाल्यावर ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये "जावाएफएक्स-ग्राफिक्स" नावानं सुरू होणाऱ्या फाइली शोधा. त्या फक्त एकाच मॉड्यूलच्या ईएक्सटी फोल्डरमध्ये सापडल्या पाहिजेत. तिथे प्रत्येक नावाच्या दोन जार दिसतील, एक जवळजवळ रिकामी आणि एक शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव असलेली. घाबरू नका, ओपनजेएफएक्सची मांडणीच तशी आहे. रिकामी जार फक्त खऱ्या जारकडे बोट दाखवते.

पायरी 2: एफएक्स-पूल

स्विंगचं सगळं काम इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर चालतं, पुढे त्याला ईडीटी म्हणू. जावाएफएक्सचा स्वतःचा वेगळा ॲप्लिकेशन थ्रेड असतो. स्विंगच्या वस्तूंना एफएक्स थ्रेडवरून हात लावायचा नाही आणि एफएक्सच्या वस्तूंना ईडीटीवरून. एफएक्स याबाबत निदान बोलकं आहे: खिडकीत दिसणाऱ्या वस्तूला चुकीच्या थ्रेडवरून हात लावला, तर बहुतेक वेळा "नॉट ऑन एफएक्स ॲप्लिकेशन थ्रेड" असं म्हणत इल्लीगलस्टेटएक्सेप्शन फेकतं. स्विंग बोलत नाही. ते निमूट चालत राहतं आणि आठवड्यातून एकदा झाड अर्धवट रंगवून ठेवतं.

पुलाच्या क्लासमध्ये तीन स्टॅटिक मेथड हव्यात.

पहिली, एफएक्सवर: रनेबल (नंतर चालवायचं काम) घेते आणि प्लॅटफॉर्म डॉट रनलेटर करते. दुसरी, स्विंगवर: रनेबल घेते आणि स्विंगयुटिलिटीज डॉट इन्व्होकलेटर करते. आधीच योग्य थ्रेडवर असू तर रांगेत न टाकता लगेच चालवावं, असा मोह होतो. करू नका. तसं केलं की रांगेत आधीपासून थांबलेलं काम मागे पडतं आणि नंतरचं पुढे जातं, आणि आलेखावर जुना आकडा नव्या आकड्यावर बसतो.

तिसरी, नवीनपॅनल: पडदा बांधून देणारा सप्लायर घेते आणि जेएफएक्सपॅनल परत देते. आत क्रम असा:

1. प्लॅटफॉर्म डॉट सेटइम्प्लिसिटएक्झिट ला फॉल्स द्या. ही ओळ पॅनल बनवण्याच्या आधी.
2. ईडीटीवर नवा जेएफएक्सपॅनल बनवा. पहिला पॅनल बनतानाच एफएक्स टूलकिट सुरू होतं, वेगळं काही करावं लागत नाही. प्लॅटफॉर्म डॉट स्टार्टअप हाक मारू नका, ती दुसऱ्यांदा मारली गेली तर एक्सेप्शन येतं.
3. एफएक्सवर जाऊन सप्लायरकडून पडदा घ्या, त्याचा सीन बनवा आणि पॅनलला लावा.
4. पॅनल लगेच परत द्या. सीन लागेपर्यंत थांबू नका, क्षणभर रिकामं दिसलं तरी चालेल.

"चालव आणि पूर्ण होईपर्यंत थांब" अशी चौथी मेथड लिहू नका. का, ते पुढे येतं.

दोन्ही वाटांवर रनेबलभोवती ट्राय-कॅच घाला आणि चूक आली तर नेटबीन्सच्या एक्सेप्शन्स डॉट प्रिंटस्टॅकट्रेसकडे द्या. हे केलं नाही तर एफएक्स थ्रेडवरची चूक कुठल्याही खिडकीत दिसत नाही. पडदा फक्त रिकामा राहतो आणि कारण यूजर फोल्डरमधल्या व्हार, लॉग, मेसेजेस डॉट लॉग या फाइलीत पडून असतं. रिकाम्या पॅनलच्या तक्रारी निम्म्या तरी याच फाइलीत सुटतात.

पायरी 3: आलेखाची खिडकी

नेटबीन्सच्या विझार्डमधून नवीन विंडो बनवा. एडिटर मोड निवडा म्हणजे ती मधोमध उघडेल. तयार झालेल्या टॉपकंपोनंटला (नेटबीन्सच्या खिडकीच्या क्लासला) बॉर्डरलेआउट द्या आणि पॅनल सेंटरमध्ये टाका. विझार्डचा मूळ लेआउट तसाच ठेवला तर पॅनलचा आकार शून्य राहू शकतो. सगळं बरोबर असूनही काही दिसत नाही, आणि मग माणूस एफएक्सलाच दोष देत बसतो.

पॅनल कधी बनवायचा? कन्स्ट्रक्टरमध्ये नाही. खिडकी मागच्या वेळी उघडी राहिली असेल तर नेटबीन्स सुरू होतानाच ती पुन्हा उभी करतं, कन्स्ट्रक्टरही चालतो आणि कंपोनंटओपन्डही. टूलकिट पहिल्यांदा सुरू व्हायला जाणवण्याइतका वेळ लागतो आणि स्प्लॅश स्क्रीन उगाच लांबतो. पॅनल कंपोनंटशोइंगमध्ये बनवा, आधी तो नल आहे का बघून. टॅब समोर आला तरच काम होईल.

पडदा एफएक्सएमएलमधून (पडद्याचं वर्णन लिहिलेल्या एक्सएमएल फाइलीतून) आणत असाल तर एफएक्सएमएललोडरला दोन गोष्टी स्वतः सांगा: फाइलीचा पत्ता, आणि सेटक्लासलोडरनं तुमच्या मॉड्यूलचा क्लासलोडर. न सांगितल्यास तो चालू थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर वापरतो. एफएक्स थ्रेडवर तो तुमच्या मॉड्यूलचाच असेल याची खात्री नाही. कंट्रोलर क्लास डोळ्यांसमोर असताना "क्लास सापडला नाही" असा एरर आला, तर कारण हेच.

खिडकीची स्थिती जपायची असेल तर राइटप्रॉपर्टीजमध्ये साधी मूल्यं लिहा: केंद्राचं नाव, झूम, निवडलेला कालावधी. एफएक्सच्या वस्तू लिहायच्या भानगडीत पडू नका.

पायरी 4: निवड इकडून तिकडे

झाडात केंद्र निवडलं की आलेख बदलला पाहिजे. नेटबीन्सच्या पद्धतीनं हे लुकअपमधून होतं (लुकअप म्हणजे वस्तू ठेवायची आणि प्रकारानुसार शोधायची सामायिक पिशवी), आणि खिडक्या एकमेकींना ओळखत नाहीत.

आलेख-खिडकीत ॲक्शन्सग्लोबलकॉन्टेक्स्टमधून केंद्र या प्रकारचा लुकअपरिझल्ट घ्या, तो फील्डमध्ये धरून ठेवा, लिसनर लावा आणि एकदा ऑलइन्स्टन्सेस हाक मारा. फील्डमध्ये धरला नाही तर कचरा गोळा करणारा तो घेऊन जातो. ऑलइन्स्टन्सेसची पहिली हाक राहिली तर बदल येतच नाहीत. दोन्ही चुका गुपचूप होतात, कुठे एरर नाही.

आता बारकावा. वापरकर्त्यानं झाडात केंद्र निवडलं, आलेख आला. मग त्यानं आलेखावर क्लिक केलं आणि आलेख गायब झाला. कारण फोकस आलेखाच्या खिडकीवर आला, ग्लोबल कॉन्टेक्स्ट आता या खिडकीचा लुकअप दाखवतो, आणि त्यात केंद्रच नाही. म्हणून लिसनरमध्ये यादी रिकामी आली तर काहीही करू नका, जुनाच आलेख राहू द्या.

यादीत केंद्र असेल तर ईडीटीवरच त्याच्या नोंदींची न बदलणारी प्रत काढा आणि ती प्रत एफएक्सवर या मेथडनं पलीकडे पाठवा. मूळ यादी पाठवू नका. ती वाचली जात असतानाच दुसरीकडून बदलली तर मधूनच फुटते.

उलटी दिशा जास्त फसवी आहे. आलेखावरच्या एका बिंदूवर क्लिक केलं की ती नोंद गुणधर्मांच्या खिडकीत दिसायला हवी. त्यासाठी आलेख-खिडकीला इन्स्टन्सकंटेंटवर (लुकअपमधल्या वस्तू बदलू देणाऱ्या क्लासवर) उभा केलेला लुकअप जोडा. इन्स्टन्सकंटेंट स्वतः थ्रेडच्या बाबतीत सुरक्षित आहे, त्यामुळे एफएक्सच्या माउस लिसनरमधून थेट सेट केलं तर चालतं असं वाटतं. पण त्याचे श्रोते सेट करणाऱ्याच्याच थ्रेडवर जागे होतात. म्हणजे टूलबारची बटणं, गुणधर्मांची खिडकी, सगळी स्विंगची मंडळी एफएक्स थ्रेडवर हलू लागतात. म्हणून क्रम ठेवा: माउस लिसनरमध्ये नोंद एका फायनल चलात घ्या, मग स्विंगवर या मेथडच्या आत इन्स्टन्सकंटेंट सेट करा. दोन ओळींचं काम आहे, पण हे चुकलेलं ॲप्लिकेशन अधूनमधून का गोठतं ते सांगता येत नाही.

नोंदी थेट यंत्राकडून सेकंदाला शेकड्यांनी येत असतील तर प्रत्येकीसाठी रनलेटर करू नका. एफएक्स साधारणपणे सेकंदाला 60 वेळा पडदा ताजा करतं, त्याहून जास्त पाठवून फक्त रांग वाढते. एका ॲटॉमिकरेफरन्समध्ये ताजी यादी ठेवा. गेटअँडसेट करताना आधीची किंमत नल असेल तरच एफएक्सवर नवं काम टाका. ते काम चालू झालं की रेफरन्स रिकामा करून जे मिळेल ते दाखवायचं. रांगेत एका वेळी एकच काम राहतं.

पायरी 5: बंद करणं आणि पुन्हा उघडणं

खिडकी बंद केली, मेनूतून पुन्हा उघडली आणि पडदा रिकामा. लॉगमध्येही काही नाही. ही तक्रार इतकी ठरलेली आहे की तिचं उत्तर पायरी 2 मध्ये आधीच आलं: इम्प्लिसिटएक्झिट. ते ट्रू असताना शेवटचा जेएफएक्सपॅनल गेला की टूलकिट स्वतःहून बंद होतं, आणि एकदा बंद झालेलं टूलकिट त्या प्रोसेसमध्ये पुन्हा सुरू होत नाही. नंतरचे सगळे रनलेटर हवेत विरतात. याच कारणासाठी प्लॅटफॉर्म डॉट एक्झिट कुठल्याही मॉड्यूलमधून हाक मारू नका. तुमची एक खिडकी बंद करताना दुसऱ्याच्या दहा खिडक्या माराल. ॲप्लिकेशन बंद होण्याची काळजी नको, नेटबीन्स शेवटी पूर्ण प्रोसेसच संपवतं.

कंपोनंटक्लोज्डमध्ये लुकअपचा लिसनर काढा, टाइमलाइन किंवा ॲनिमेशनटायमर असेल तर थांबवा, पॅनलचा सीन नल करा आणि पॅनलचा फील्डही नल करा. ॲनिमेशन कंपोनंटहिडनमध्ये थांबवून शोइंगमध्ये चालू केलं तर आणखी उत्तम, कारण टॅब मागे गेला तरी टायमर चालतच राहतो आणि लॅपटॉपचा पंखा उगाच फिरतो.

दोन थ्रेड एकमेकांची वाट बघतात तेव्हा

ॲप्लिकेशन गोठलं, माउस हलतो पण काहीच उघडत नाही. जेडीकेमधलं जेस्टॅक हे साधन चालवून थ्रेडची यादी काढा आणि दोनच नावं शोधा: "एडब्ल्यूटी इव्हेंटक्यू 0" आणि "जावाएफएक्स ॲप्लिकेशन थ्रेड". पहिल्याच्या खाली काउंटडाउनलॅच डॉट अवेट आणि दुसऱ्याच्या खाली इन्व्होकअँडवेट दिसलं, तर निदान झालं. ईडीटीनं एफएक्सला काम दिलं आणि उत्तराची वाट बघत बसला. एफएक्सला त्याच कामात स्विंगकडून काहीतरी हवं होतं, म्हणून तो ईडीटीची वाट बघत बसला. आता दोघंही उठणार नाहीत.

उपाय एकच: कुणीच थांबायचं नाही. उत्तर हवं असेल तर काम देतानाच "झालं की हे कर" असं दुसरं रनेबल द्या, आणि ते परतीच्या वाटेनं येऊ द्या. कोड थोडा उलटसुलट दिसतो, पण गोठत नाही. वापरकर्त्याला होकार-नकार विचारायचा असेल तर नेटबीन्सचाच डायलॉगडिस्प्लेयर वापरा, एफएक्सचा ॲलर्ट नको. दोन टूलकिटांच्या मोडल खिडक्या एकमेकींना अडवत नाहीत, आणि ॲलर्ट मुख्य खिडकीमागे लपला की ॲप्लिकेशन लटकल्यासारखं दिसतं.

रूप आणि कळा

एफएक्सचं मूळ रूप मोडेना, नेटबीन्सचं बहुतेक फ्लॅटलाफ. गडद थीममध्ये मधोमध पांढराफटक चौकोन दिसतो. पूर्ण सीएसएस लिहायच्या आधी सोपा उपाय करून बघा: यूआयमॅनेजरकडून पॅनल डॉट बॅकग्राउंड हा रंग घ्या, त्याचा सहा आकडी हेक्स करा आणि पडद्याच्या मुळाच्या (रूट) स्टाइलमध्ये एफएक्स-बेस आणि एफएक्स-बॅकग्राउंड या दोन नावांना द्या. मोडेना बाकीच्या बऱ्याच छटा बेसवरूनच काढतं. ऐंशी टक्के काम तेवढ्यात भागतं.

कळा मात्र एकेक करून तपासा. एफएक्सच्या टेक्स्टफील्डमध्ये फोकस असताना डिलीट दाबा: अक्षर पुसलं जातं, पण झाडात निवडलेलं केंद्रही पुसलं जात नाही ना, ते बघा. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड, एफ2 आणि टॅब यांचीही तीच परीक्षा. टक्कर दिसली तर त्या कृतीला या खिडकीत निष्क्रिय करणं हा सरळ मार्ग आहे: खिडकीच्या ॲक्शनमॅपमध्ये त्याच नावाची, काहीही न करणारी कृती ठेवा.

एफएक्स पॅनलच्या आत स्विंगनोड (एफएक्समध्ये स्विंग बसवणारा घटक), त्याच्या आत पुन्हा एफएक्स, असले थर चढवू नका. चालतं, पण फोकस कुठे आहे ते कुणालाच कळत नाही.

एसडब्ल्यूटी आणायचं असेल तर

एक्लिप्सचं एसडब्ल्यूटी हे टूलकिट नेटबीन्समध्ये आणायचा विचार असेल तर दोन गोष्टी जाणून घ्या. एसडब्ल्यूटी ऑपरेटिंग सिस्टिमचे खरे घटक वापरतं, ते स्विंगच्या हलक्या (स्विंगनं स्वतःच रंगवलेल्या) घटकांवर चढून बसतात आणि तुमचे मेनू त्यांच्याखाली झाकले जातात. जेएफएक्सपॅनल स्वतःच हलका असल्यानं ही अडचण तिथे येत नाही. दुसरं म्हणजे मॅकवर एसडब्ल्यूटीला प्रोसेसचा पहिलाच थ्रेड हवा असतो आणि तिथे एडब्ल्यूटीशी (स्विंगच्या खालच्या थराशी) त्याचं भांडण होतं. एसडब्ल्यूटी हवंच असेल तर एक्लिप्सचा प्लॅटफॉर्म घ्या आणि त्यात एफएक्सकॅनव्हास वापरून जावाएफएक्स घाला. एफएक्सकॅनव्हासमध्ये दोन्ही टूलकिट एकाच थ्रेडवर चालतात, त्यामुळे पुलाचा अर्धा त्रास तिथे नसतोच.

पॅकेज करताना

लिनक्सवर बिल्ड केलं तर जावाएफएक्सच्या लिनक्सच्याच नेटिव्ह फाइली आत येतात, कारण पॉम चालू मशिन बघून निवड करतो. तेच झिप विंडोजवर उघडलं की ॲप्लिकेशन सुरू होतं, झाड दिसतं, आणि आलेख उघडताना क्वांटमरेंडररला (एफएक्सच्या चित्र रंगवणाऱ्या भागाला) योग्य पाइपलाइन सापडली नाही असा एरर येतो. पॉममध्ये क्लासिफायर (जारच्या नावाला लागणारं सिस्टिमचं नाव) देऊन विन, लिनक्स, मॅक अशा तिन्ही जार एकत्र भरता येतात आणि बरेचदा चालतात. पण इंटेल मॅक आणि नव्या एआरएम मॅकच्या फाइलींची नावं सारखीच असल्यानं त्या दोन एकत्र ठेवता येत नाहीत. प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळा बिल्ड काढणं हेच बरं.

व्हर्च्युअल मशिनवर किंवा जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर पडदा काळा दिसत असेल तर ॲप्लिकेशनच्या ईटीसी फोल्डरमधल्या कॉन्फ फाइलीत डिफॉल्टऑप्शन्समध्ये प्रिझम डॉट ऑर्डर ही प्रॉपर्टी एसडब्ल्यू करा. जावाच्या प्रत्येक पर्यायाआधी उणे-जे हा उपसर्ग लागतो, तो नसला तर पर्याय जावापर्यंत पोहोचतच नाही. कारण शोधायचं असेल तर प्रिझम डॉट व्हर्बोज ट्रू करा, कुठली पाइपलाइन का नाकारली ते लॉगमध्ये येतं.

सुरू होताना "अनसपोर्टेड जावाएफएक्स कॉन्फिगरेशन" अशी सूचना लॉगमध्ये दिसेल. नेटबीन्स स्वतःच्या क्लासलोडरनं जार उघडतं, त्यामुळे जावाच्या दृष्टीनं ते क्लास अनामिक मॉड्यूलमध्ये येतात, म्हणून ही कुरकुर. ती सोडून द्या. जेडीके 24 पासून नेटिव्ह फाइली उघडण्याबद्दलही सूचना येते. ती बंद करायला एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस हा पर्याय ऑल-अननेम्ड या किमतीसह त्याच कॉन्फ फाइलीत घाला.

जावाएफएक्स पहिल्यांदा चालताना नेटिव्ह फाइली वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये, डॉट ओपनजेएफएक्स या नावाखालच्या कॅशमध्ये काढून ठेवतं. म्हणून शेवटची चाचणी अशा मशिनवर घ्या, जिथे हे फोल्डर नाही, जावाएफएक्सवाला जेडीके नाही आणि तुमचं जुनं यूजर फोल्डरही नाही. तिथे आलेख उघडा, खिडकी ओढून वेगळी करा, परत लावा, बंद करा, पुन्हा उघडा, ॲप्लिकेशन बंद करून परत चालू करा. शक्य असेल तर होम फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी काढूनही एकदा बघा.